टेलिफोनचा हुकूम

"जी सरकार! पेडगावच्या मुंजाजीला सोडायचं, जी!" जमादारानं कचेरीतल्या नव्या फोनलाच सलाम ठोकला. हवालातीत मुंजाजीच्या जिवात जीव आला. त्यानं घाईनं पटका बांधला.

"बसा खाली. फोनवरचा हुकूम आता चालत न्हाई. शिक्क्याचा कागद लागतो."

"मला धरायचा हुकूम फोनवरच आलता की!"

"तवा हा कायदा नव्हता. परवा आला." जमादारानं शिक्क्याचा कागद काढून वाचला, "फोनच्या भरवशावर पेडगावचा मुंजाजी हा बेकसूर इसम नाहक धरला गेला. सबब, यापुढे फोनवरच्या हुकमाची तामील करू नये."

"बेकसूर लिवलंय, शिक्काबी हाय. मग सोडा की!"

"सोडा म्हणून कुठं लिवलंय?" जमादार कळवळून म्हणाला. "ते फोनवर सांगितलं."