दुकानांचा रस्ता, झाडांचा रस्ता

१९९६ साली मुलाने गाडी घेतली आणि पहिल्याच सकाळी आईसाठी पुढचं दार उघडून उभा राहिला.

"बस, आई. कुठे सोडू सांग."

"कुठे नाही. देवाने दिलेत ते पाय काय शोभेला आहेत?" असं म्हणून ती गाडीला वळसा घालून फाटकाबाहेर पडली.

दोघी बहिणींतली ती मोठी. धाकटी त्याच शहरात, अर्ध्या तासाच्या चालीवर राहायची. त्यांची आई वारल्यावर तिच्या शिवणयंत्रावरून दोघींत जुंपली.

"तू हाक मारल्याशिवाय तुझ्या घराची पायरी चढणार नाही," मोठी म्हणाली होती.

"नको चढूस," धाकटी म्हणाली होती.

पायरी चढायची नाही, हे ठरलं होतं. घरावरून जायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.

म्हणून गेली कित्येक वर्षं मोठी रोज सकाळी चालत निघायची. दुकानांच्या रस्त्याने. शाळेत असतानाही ती दुकानं बघत जायची. धाकटीला बागेकडचा झाडांचा रस्ता लागायचा, आणि आई दोघींची समजूत घालून थकायची.

धाकटीच्या खिडकीखाली आलं की मोठी चपलेचा बंद सारखा करायला वाकायची. त्याच मिषाने वर बघायची. पडदा किंचित हललेला असायचा.

'आहे आत. बघतेय. हाक मारायला जीभ तेवढी उचलत नाही.'

थोडं थांबून ती आल्या रस्त्याने परतायची.

घरी सगळ्यांना वाटायचं, तब्येतीसाठी चालते. सुनेनेही स्कूटर सोडून चालत ऑफिसला जायला सुरुवात केली.

"आई, तुमच्या नादाने अख्खी इमारत चालायला लागलीय," ती म्हणायची.

"आणि माझी गाडी धूळ खातेय," मुलगा कुरकुरायचा.

फाटकाशी बसणाऱ्या पेपरवाल्याला मात्र तिची थट्टा केल्याशिवाय चैन पडायचं नाही. "आजी, किती फेऱ्या मारता? मघाशीच तर येऊन गेलात!"

"मघाशी मी पार तिकडच्या टोकाला होते. डोळे तपासून घे बाबा."

वर्ष सरता सरता तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं.

"चल, गाडीतून फिरवून आणतो," मुलगा म्हणाला.

"नको रे. काचा लावून भुर्रकन जाणार तू. कोणी हाक मारली तर ऐकू यायची नाही."

"कोण मारणार आहे हाक?"



ती गाडी मुलाने पुढे विकली. सून निवृत्त होईपर्यंत ऑफिसला चालतच गेली. पेपरवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पेपर आता त्याचा जावई विकतो.

पण हे सगळं नंतरचं. चालणं थांबल्याच्या पहिल्या सकाळी सुनेने मोठीची खुर्ची खिडकीशी ठेवली. त्या वेळेला ती इतक्या वर्षांत कधी घरात नव्हती. पडदा बाजूला सारून ती रस्ता बघत बसली.

बागेच्या बाजूने एक म्हातारी सावकाश चालत आली. फाटकासमोर थांबली. चपलेचा बंद सारखा करायला वाकली आणि वाकल्या वाकल्या हळूच वर, खिडकीकडे बघू लागली.

"काय आजी," पेपरवाला तिला म्हणाला, "आज एकच फेरी?"