झिरो बल्बखालची खुर्ची

सराव परीक्षेत पहिला येईल त्याला ट्यूबलाइटखालची खुर्ची आणि शेवटच्याला कोपऱ्यातली, झिरो बल्बखालची, असा दाभाडे सरांच्या अभ्यासिकेचा नियम होता. वृषालीचा कोपरा चार महिने कुणी हिरावला नव्हता, आणि खरी परीक्षा पंधरवड्यावर आली होती.

"सर, या उजेडात डोकं चालत नाही. बल्ब बदला."

"आधी मार्क बदल."

पुढच्या सरावाला ती मामाच्या बँडमधला वरातीचा दिवा डोक्यावर घेऊन बसली. जनरेटर दारात धडधडत होता. ती पहिली आली.

"ये, ट्यूबखाली बस," सर पडेल आवाजात म्हणाले.

"ट्यूब नको. आधी तुम्हीच इथे बसून सगळ्यांची हजेरी भरा, तुमचीसुद्धा."

तिने दिवा बंद करून खुर्ची सोडली आणि सर बसले. भरलेली वही तिने ट्यूबखाली नेली. अंधुक उजेडात सरांनी चुकून स्वतःचीच गैरहजेरी लावली होती.

"शिडी आणा," सर म्हणाले.