जप्तीची प्रत

"बाकी ठीक आहे, पण शिपाई सात आहेत. तुम्ही सहाच लिहिलेत," मावशी म्हणाली.

जप्ती कारकुनाने चष्मा नाकावर घेतला आणि चित्रातले शिपाई पुन्हा मोजले. खरंच सात. त्याला मनापासून वाईट वाटलं. छावणीतल्या निर्वासितांनी काढलेलं आक्षेपार्ह चित्र जाळण्याआधी त्याचं बारीकसारीक वर्णन तीन प्रतींत करायचं, असा नियम होता. नेमकं काय जाळलं ते सरकारला कळायला नको? आणि त्याच्या वर्णनात आजवर कुणाला खोट काढता आली नव्हती.

तसं सरकार दयाळू होतं. फुलं काढा, पक्षी काढा, कोण नको म्हणतंय? पण ही माणसं हातात कोळसा आला की नको तेच काढायची. मावशीने तर कहर केला होता. पिठाचं पोतं उसवून त्यावर अख्खा प्रसंग, तोही तारखेसकट. तिची थोरली लेक छावणीच्या शाळेत शिकवायची. ती नाहीशी झाल्यावर मावशीने पाच अर्ज केले होते. पाचही याच कारकुनाने परत पाठवले होते. 'या नावाची व्यक्ती छावणीत कधीही दाखल नव्हती.' अक्षर अगदी मोत्यासारखं.

"ही बाई कोण?" त्याने चित्रावर बोट ठेवलं. रकाना रिकामा सोडणं त्याच्या जिवावर यायचं.

"माझी लेक. वय सत्तावीस, हनुवटीवर तीळ. शाळेच्या फाटकातून नेतायत तिला. मागे गाडी आहे बघा, नंबरही काढलाय."

त्याने नाव विचारून सगळं उतरवून घेतलं. नावही, नंबरही. शिक्का मारला, सही ठोकली आणि पोतं शेगडीत घातलं. ते जळेपर्यंत मावशी रडत होती.  कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला.

"पाणी नको. माझी प्रत द्या, साहेब. ज्याची वस्तू जप्त झाली त्याला एक प्रत मिळते ना?"

नियम होताच. त्याने प्रत दिली. पाच अर्जांच्या उत्तरांत जी छावणीत कधी नव्हती, ती लेक आता सरकारी शिक्क्यासकट मावशीच्या हातात होती. तिने कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि निघून गेली.

सकाळी कारकून कचेरीत आला तर दारापासून फाटकापर्यंत रांग. प्रत्येकाच्या काखेत चित्राची गुंडाळी.

"आमचंही जप्त करा, साहेब," पुढचा म्हातारा म्हणाला. "दोन मुलगे आहेत माझे त्यात. सावकाश लिहा, घाई नाही."