कोंबड्यांच्या पोटातले तामडे

तिसऱ्या कोंबडीचा पेटा चिरला, तर त्यातूनही लाल खडे निघाले. ब्लाझेना सुरी हातात धरून तशीच पायरीवर बसली. हरवला होता एक. बशीत जमले होते सहा.

सकाळी भांडी घासून हात पुसताना तिचं लक्ष अंगठीकडे गेलं. तामड्याची ती अंगठी म्हणजे फोडलेलं डाळिंबच. इवले इवले गर्द लाल खडे एकमेकांना खेटून बसवलेले. आता मधोमध एक काळं भोक होतं. तुर्नोव्ह शहरातल्या कुणा जुन्या सोनाराच्या हातची ती अंगठी सासूकडून सुनेकडे अशी चार पिढ्या चालत आली होती. लग्नाच्या दिवशी हेडविकाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, ती सगळ्यांदेखत तिच्या बोटात सरकवली होती. वर म्हणाल्या होत्या, "जिवापाड सांभाळ. नवरीचा दगड पडला की तिचा संसार टिकत नाही म्हणतात."

आणि आज गावच्या चर्चचा उत्सव. सासूबाई तालुक्याहून दहाच्या बसनं येणार. प्रार्थनेला बायका आपापले तामडे घालून येणार आणि एकमेकींचे बघणार. ब्लाझेना दक्षिणेकडची, तळ्यांच्या मुलखातली. 'तळ्याकाठच्या पोरीला तामड्याची काय किंमत', हे तिनं लग्नाच्या मांडवातच ऐकलं होतं.

तिनं मोरी शोधली, जमीन शोधली. मग आठवलं, भांड्यांचं पाणी आपण अंगणात फेकलं आणि सगळ्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या.

"काय गं," कुंपणावरून शेजारच्या श्टेपांकाबाई ओरडल्या, "सगळा गाव जेवायला बोलावलास की काय?"

"शेजारीणबाई, जरा इकडं या. हे बघा. माझा एकच दगड गेला, मग हे बाकीचे कुणाच्या अंगठीतले?"

श्टेपांकाबाईंनी बशीत डोकावलं आणि कुंपणाला धरून हसत सुटल्या. "अगं वेडे, आमच्या मातीतच आहेत ते! पाऊस पडून गेला की पोरं शेतात वेचत हिंडतात. तुमच्याकडच्या कोंबड्या वाळू खात असतील, आमच्या तामडे खातात. दात नाहीत ना बिचाऱ्यांना, दाणे दळायचे कशानं?"

"मग यातला माझा कुठला?"

"पैलू पाडलेला असेल तो तुझा."

ब्लाझेनानं एकेक खडा उजेडात धरला. सगळे गोल, ओबडधोबड. तरी तिनं एक एक करून भोकात बसवून पाहिला. एक मोठा, एक लहान, एक वाकडा. मघापर्यंत दगड सापडत नव्हता म्हणून रडू येत होतं. आता इतके सापडले म्हणून येत होतं.

"मग अजून दुसऱ्या कुणाच्या पोटात असेल," श्टेपांकाबाई म्हणाल्या आणि आपल्या चुलीकडे निघून गेल्या.

ब्लाझेनानं चौथी धरली. मग पाचवी. बशीत नऊ खडे झाले आणि एकालाही पैलू नव्हता. आता राहिली होती फक्त पांढरी, आणि ती गाडीखाली जाऊन बसली होती. ब्लाझेना पोटावर झोपून तिला हाका मारत होती, तेवढ्यात फाटक वाजलं.

"ब्लाझेना!" तिचा नवरा वोइतेख आईची पिशवी घेऊन दारात थिजला होता. "अगं, आपण आज बदक भाजणार होतो ना?"

त्याच्या मागे हेडविकाबाई. उत्सवाचा काळा झगा, गळ्यात तामड्यांची माळ. त्यांनी पिसांनी भरलेलं अंगण पाहिलं. ओळीनं पडलेल्या कोंबड्या पाहिल्या. बशी पाहिली. शेवटी सुनेचा हात पाहिला, तो तिनं पाठीमागे लपवायच्या आत.

"वोइतेख," त्या म्हणाल्या, "जा, पाणी आण."

"विहिरीवरून? घरात नळ आहे, आई."

"मग नळाचं आण. पण सावकाश आण."

तो गेला. ब्लाझेना उठून उभी राहिली. तिच्या केसांत पिसं होती. "आई, मी सांभाळली होती हो. देवाशप्पथ सांभाळली होती. कुठं पडला, कसा पडला, मला काहीच कळत नाहीये."

हेडविकाबाईंनी तिचं बोट धरलं, वळवलं, त्या भोकात नखानं खरवडलं.

"भांडी घासलीस?"

"हो."

"कढत पाण्यात?"

"हो. का?"

हेडविकाबाईंनी घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग उत्सवाच्या झग्याची पर्वा न करता त्या पिसांतच, पायरीवर बसल्या आणि सुनेला शेजारी ओढलं.

"त्या पांढरीला राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "दगड तिनं खाल्ला नाही, कुणीच खाल्ला नाही. तिथं लाल लाख होती, मीच भरलेली; कढत पाण्यात वितळून गेली. खरा दगड मी नवी नवरी असताना पडला, आणि त्या दिवशी मी सासूची सगळी बदकं कापली होती."