साहेबांची बादली

ऑफिसच्या गच्चीवर बादलीत बटाटे लावायची स्पर्धा ठरली. 'केवळ मौज म्हणून' असं साहेबांनी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. साहेबांपुढे गोंडा घोळणाऱ्यांची हेडक्लार्कला शिसारी यायची, आणि ऑफिसात तर सगळे तसलेच. पण बढतीची यादी काढणीच्याच महिन्यात निघणार होती. म्हणून काढणीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्याने गुपचूप साहेबांच्या बादलीत बाजारातले चार टपोरे बटाटे खोल खुपसले. वर एक पान दिसत नव्हतं. काढणीपर्यंत पानं वाळतातच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माती मात्र भलतीच भुसभुशीत लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांच्या देखत बादली उपडी केली. लाल, पांढरे, गोल, लांबोडके असे पंचवीस-तीस बटाटे घरंगळले. त्यात एक चक्क रताळं होतं. टाळ्या कडाडून वाजल्या, पण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, पण मी या बादलीत काही लावायलाच विसरलो होतो."

हेडक्लार्क घसा खाकरून सगळ्यांच्या आधी पुढे झाला.



"हातगुण, साहेब. दुसरं काय."