दुसरा ट्रॅक

निरंजनने हेडफोन न काढताच नुकतं केलेलं रेकॉर्डिंग लावलं. गिटारची वायर जोडलेल्या, टेबलावरच्या छोट्या इंटरफेसमधून कॉम्प्युटरात उतरलेली त्याची गिटार अगदी स्टुडिओत वाजवल्यासारखी वाटत होती. स्वारी खूश झाली.

तेवढ्यात गिटारच्या मागे बारीक टकटक ऐकू आली. ताल धरायला लावतात तो मेट्रोनोम शिरला असणार, म्हणून त्याने पाहिलं, तर मेट्रोनोम त्याने लावलाच नव्हता. मग लक्षात आलं, सकाळी गाण्यासाठी जोडलेला माइक बंद करायचा राहून गेला होता आणि दुसऱ्या ट्रॅकवर घरातले आवाज उतरले होते.

"वरचे पुन्हा खिळे ठोकत बसलेत वाटतं," तो वैतागून म्हणाला. पुसून टाकण्याआधी त्याने गिटारचा आवाज बंद केला आणि नुसता तो ट्रॅक मोठा करून ऐकला.

स्टीलवर स्टील आपटत होतं. आधी घाईघाईने, तीन-तीनदा. मग सावकाश. मग मध्येच कधीतरी एकदा. शेवटी काहीतरी फरशीवर पडलं, गरगरत गेलं आणि थांबलं. त्यापुढे पाऊण तास ट्रॅकवर नुसती सरळ रेघ होती.

अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेल्या अण्णांच्या उशाशी दुपारी वाटी आणि चमचा त्यानेच ठेवला होता. "काही लागलं तर वाजवा, अण्णा. मी शेजारच्याच खोलीत आहे."

हेडफोनमध्ये आता काहीच वाजत नव्हतं, तरी ते कानांवरून काढायचा त्याला धीर होईना.