शत्रूसाठी प्रार्थना

त्यांच्या चर्चची एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी प्रत्येकाने उभं राहून आपल्या एका शत्रूसाठी मोठ्याने प्रार्थना करायची.

छापखानेवाल्याचं आज कशातच मन लागेना. ‘धर्म वाचवा’ मोहिमेची पत्रकं छापून त्याची बोटं काळी झालेली, आणि पोटची लेक मात्र त्याच मोहिमेच्या विरोधकांच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे! तेव्हापासून घरात बापलेकीचा अबोला. पाळी आली तसं त्याने दातओठ खात विरोधी पुढाऱ्याचं नाव घेतलं, “प्रभू, त्याला सुबुद्धी दे.” सुटलो बुवा एकदाचा, मनाशी म्हणत तो बाकावर टेकला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून लेकीचा आवाज आला,


“प्रभू, माझ्या पप्पांना सांभाळ.”